पद आणि माणूस : व्ही. शांताराम यांच्या लोकप्रिय चित्रपटांचे पुनरवलोकन

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात व्ही. शांताराम यांच्या कारकिर्दीचे दोन खंड पाडण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पहिला खंड 'प्रभात'चा. त्यात 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे सामाजिक आशयाचे, संयत शैलीचे बोलपट येतात. दुसरा खंड 'राजकमल'चा. त्यात 'झनक झनक पायल बाजे', 'नवरंग', 'पिंजरा' हे रंग, नृत्य आणि संगीत यांनी ओथंबलेले चित्रपट येतात. पहिल्या खंडातील शांताराम हे विचारवंत कलावंत आणि दुसऱ्या खंडातील शांताराम हे लोकरंजनाच्या मोहात सापडलेले निर्माते, असा निवाडाही ह्या विभागणीतूनच आपोआप निघतो. अष्टपैलुत्वाचे श्रेय त्यांना सर्वच देतात. परंतु त्या अष्टपैलुत्वाला एखादा मध्य आहे काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, असा मध्य आहे. पौराणिक, सामाजिक, नृत्यप्रधान, चरित्रात्मक आणि तमाशाप्रधान अशा नाना प्रकारांतून शांतारामांनी एकच प्रश्न पुनःपुन्हा मांडला : समाजाने ज्याच्या हाती एखादे पद, म्हणजे पुरोहितपण, पतिपण, शिपाईगिरी, गुरुपद किंवा शिक्षकी, सोपविले आहे, त्या पदाचे आणि त्या पदावरील माणसाचे नाते काय? दोहोंत विरोध उभा राहिला तर बळी कोणाचा जावा? ह्या प्रश्नाची उत्तरे मात्र १९३४ ते १९७२ ह्या काळात बदलत गेली. खंड पाडावयाचा असेल तर तो ह्या उत्तरांतील बदलावरून पाडला पाहिजे. रंगपट कधी आले आणि नृत्ये कधी वाढली ह्यावरून नव्हे.

१

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांची उमेदवारी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत झाली. 'सावकारी पाश' (१९२५) ह्या मूकपटात त्यांनी सावकाराच्या जाचाने देशोधडीला लागलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. १९२७ च्या 'नेताजी पालकर'च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. 'प्रभात'चे चित्रपट ही एकट्या दिग्दर्शकाची निर्मिती नव्हती. दामल्यांचे ध्वनिलेखन आणि फत्तेलालांचे कलादिग्दर्शन वजा केले तर त्या चित्रपटांचा घाट डोळ्यांपुढे उभाच राहणार नाही. कथाही बहुधा दुसऱ्यांच्याच असत : 'कुंकू'मागे नारायण हरी आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी आहे, 'शेजारी'मागे विश्राम बेडेकरांची लेखणी आहे, आणि पुढे 'दो आँखें बारह हाथ'ची कथा ग. दि. माडगूळकरांची आहे. तथापि कथाकार बदलत गेले, संस्था बदलली, मराठीची हिंदी आणि कृष्णधवलाचे रंगीत झाले, आणि तरीही तोच प्रश्न परतून येत राहिला. म्हणूनच त्याचे धागे दिग्दर्शकाच्या निवडीपाशी शोधणे योग्य ठरते.

ह्या मालिकेचा आरंभ 'अमृतमंथन' (१९३४) पासून धरता येईल. राजा यज्ञातील बळीची प्रथा बंद करतो आणि राजगुरू त्याच्याविरुद्ध कट रचतो. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी व मराठीत केशवराव दाते यांनी हा राजगुरू उभा केला. राजगुरूच्या डोळ्याचे पडदा व्यापून टाकणारे समीपदृश्य ही त्या चित्रपटाची सर्वांत गाजलेली प्रतिमा होय. परंतु विचारार्ह बाब अशी की, हा राजगुरू स्वार्थी ढोंगी नाही. तो आपल्या पदाशी प्रामाणिक आहे. किंबहुना त्या पदावाचून त्याला अन्य अस्तित्वच नाही. म्हणूनच पराभवानंतर तो स्वतःचेच मस्तक देवीला अर्पण करतो. पदाने येथे माणसाला पूर्णपणे गिळून टाकले आहे. प्रेक्षकाच्या मनात त्याच्याविषयी भय निर्माण होते; पण तिरस्काराबरोबरच एक प्रकारची हळहळही उरते. पुढील चित्रपटांचे बीज ह्या हळहळीत आहे.

२

'कुंकू' (१९३७; हिंदीत 'दुनिया न माने') हा जरठ-कुमारी विवाहावरील बोलपट म्हणून ओळखला जातो. हा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्येच रंगभूमीवर आले होते. परंतु दोन कृतींतील भेद मूलभूत आहे. 'शारदे'त म्हातारा वर हास्यास्पद आहे आणि वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्यामुळे विवाह मोडतो. म्हणजे शास्त्राच्याच आधाराने शास्त्रमान्य अन्याय टळतो. 'कुंकू'त विवाह टळत नाही. तेथे कथेचा खरा आरंभ विवाह झाल्यावर होतो, आणि नवरा हास्यास्पद नाही. केशवराव दाते यांनी रंगविलेले काकासाहेब हे सुशिक्षित वकील आहेत, मोठ्या मुलांचे वडील आहेत, आणि आपल्या हातून काय घडले आहे हे हळूहळू ओळखण्याइतकी सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या ठायी आहे.

शांता आपटे यांची नीरा ह्या विवाहाला नुसती रडत नाही. ती तो मान्यच करीत नाही. ती घर सोडून जात नाही, पण पतिपणाचा हक्कही चालू देत नाही. घरातील थोरल्या स्त्रीशी, सावत्र मुलाच्या उद्दामपणाशी आणि काकासाहेबांच्या दुबळ्या अधिकाराशी तिचा झगडा एकाच घराच्या चार भिंतींत चालतो. पार्श्वसंगीत जवळजवळ वगळून दृश्यातच उपजणाऱ्या ध्वनींवर हा चित्रपट उभा केलेला आहे. घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोनची तबकडी, दाराचा आवाज हेच येथील संगीत. ह्या निवडीकडे तांत्रिक प्रयोग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तिचे प्रयोजन नैतिक आहे. संगीत नसल्यामुळे प्रेक्षकाला कोणत्या क्षणी काय वाटावे हे कोणी सुचवीत नाही. निर्णयाचा भार नीरेप्रमाणेच प्रेक्षकावरही येऊन पडतो.

चित्रपटाच्या शेवटाविषयी मात्र अनेकदा तक्रार झालेली आहे. काकासाहेब नीरेला पुनर्विवाहाची मोकळीक देणारे पत्र लिहून आत्मघात करतात, हा शेवट भावनाप्रधान आणि सोयीचा आहे असे म्हटले जाते. ह्या आक्षेपाचा विचार करताना तत्कालीन कायद्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. उच्चवर्णीय हिंदू विवाहितेला १९३७ साली मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा मार्ग उपलब्ध नव्हता. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ मध्ये आला आणि हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला. विधवेच्या पुनर्विवाहाला मात्र १८५६ पासूनच कायद्याची मान्यता होती. म्हणजे नीरेची सुटका व्हावयाची तर ती विधवा होण्यावाचून दुसरी वाट कायद्याने ठेवलीच नव्हती. आणि ही गोष्ट एका वकिलाहून अधिक चांगली कोणाला ठाऊक असणार? काकासाहेबांचा मृत्यू म्हणूनच केवळ पश्चात्तापाचा उद्रेक ठरत नाही. पतिपण हे पद सोडून देण्याची कायदेशीर सोय नसलेल्या माणसाने ते सोडण्याची शोधलेली ती एकमेव रीत आहे. येथे पद नष्ट व्हावे म्हणून माणूस जातो, आणि त्यामुळे दुसरे माणूस मोकळे होते. 'अमृतमंथन'चा राजगुरू पदासाठी मेला. काकासाहेब पदाविरुद्ध मरतात.

३

'माणूस' (१९३९, हिंदीत 'आदमी') मध्ये पद आणखी खाली उतरते. आता ते राजगुरूचे नाही, प्रतिष्ठित वकिलाचेही नाही. पोलीस शिपायाचे आहे. शाहू मोडक यांचा गणपत एका छाप्याच्या वेळी मैनेला निसटू देतो, आणि शांता हुबळीकर यांची ही वेश्या त्याच्या जीवनात येते. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'देवदास'ने (१९३५) प्रेमभंगातून आत्मनाशाकडे जाणाऱ्या तरुणाची जी प्रतिमा देशभर लोकप्रिय केली होती, तिला उत्तर म्हणून 'माणूस' योजिलेला होता, ही गोष्ट चित्रपटेतिहासात सर्वपरिचित आहे. चित्रीकरणाच्या ठिकाणी गणपत व मैना जाऊन पोहोचतात तो प्रसंगही त्या काळच्या गोड प्रेमपटांची मार्मिक थट्टा करतो.

परंतु 'देवदास'ला उत्तर देणे एवढाच 'माणूस'चा अर्थ नाही. गणपतला मैनेचा उद्धार करावयाचा आहे. तो तिला आपल्या धार्मिक वृत्तीच्या आईकडे नेतो, तिला गृहिणी करू पाहतो. ह्या उद्धारात त्याची गणवेशाची भूमिका लपलेली आहे : कायदा राखणारा जसा गुन्हेगाराला सरळ मार्गावर आणतो, तसा तो मैनेला आणू पाहतो. मैना मात्र अधिक जाणती आहे. समाज तिला माणूस म्हणून पाहणार नाही हे तिला कळते, आणि आपल्या पायी गणपतचे आयुष्य विस्कटेल हेही कळते. पिळवणूक करणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, तेव्हा ती शिक्षा स्वीकारते आणि गणपतची मदत नाकारते. आत्मनाशाकडे झुकलेला गणपत अखेर आपल्या कर्तव्याकडे परततो.

ह्या शेवटात एक विलक्षण उलटापालट आहे. ज्याने उद्धार करावयाचा तोच उद्धरिला जातो, आणि उद्धरते ती समाजाने पतित ठरविलेली स्त्री. पदही टिकते आणि माणूसही टिकतो. पण त्याची किंमत मैना तुरुंगात भरते. चित्रपट ही किंमत लपवीत नाही. गणपत कामावर परत रुजू झाला ह्याचे समाधान आणि मैनेला मागे ठेवले ह्याची टोचणी, दोन्ही प्रेक्षक बरोबरच घेऊन बाहेर पडतो.

'शेजारी' (१९४१, हिंदीत 'पडोसी') हा 'प्रभात'साठी शांतारामांनी दिग्दर्शित केलेला शेवटचा चित्रपट. पाकिस्तानची मागणी करणारा लाहोरचा ठराव मार्च १९४० चा. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीची ही कथा त्यानंतर लगेच पडद्यावर आली. गावचे प्रतिष्ठित असलेले जिवा पाटील आणि मिर्झा ह्या दोन वृद्धांत धरणाच्या निमित्ताने वितुष्ट आणले जाते, आणि धरण फुटते त्या प्रलयात दोघे हातात हात घेऊन मरतात. पात्रयोजनेतच शांतारामांनी आपले मत नोंदविले : हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर मझहर खान यांनी आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी साकारला. धर्म हेही येथे एक पद, एक अंगरखा आहे. नट तो बदलू शकतो, तर माणसाला तो अंगरखा क्षणभर बाजूला ठेवता का येऊ नये, असा प्रश्न ही अदलाबदल मूकपणे विचारते.

४

१९४२ मध्ये शांतारामांनी मुंबईस राजकमल कलामंदिराची स्थापना केली. 'शकुंतला' (१९४३), 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६), 'अमर भूपाळी' (१९५१) असे भिन्न प्रकृतीचे चित्रपट येथून निघाले. रूढ विभागणीनुसार ऱ्हासाचा आरंभ मानला जातो तो 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) पासून. टेक्निकलर रंगांत चित्रित झालेल्या ह्या नृत्यपटाला अफाट लोकप्रियता लाभली, आणि बऱ्याच समीक्षकांना त्यात डोळे दिपविण्यापलीकडे काही दिसले नाही.

तरीही कथानकाचा सांगाडा तपासला तर जुनाच प्रश्न समोर येतो. मंगल महाराज हे नृत्यगुरू आहेत आणि गोपीकृष्ण यांचा गिरधर हा त्यांचा पुत्र व शिष्य. कलेच्या साधनेत प्रेमाला स्थान नाही ही गुरूची आज्ञा आहे. संध्या यांची नीला त्या साधनेसाठी स्वतःला दूर सारते. गुरूची भूमिका करणारे केशवराव दातेच आहेत, ही बाब योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. मराठी 'अमृतमंथन'मधील राजगुरू, 'कुंकू'मधील काकासाहेब, मराठी 'शेजारी'मधील जिवा पाटील आणि आता मंगल महाराज : अधिकाराच्या ओझ्याखाली वाकलेल्या वृद्धाची ही एक अखंड रेषा आहे. फरक एवढाच की, काकासाहेबांचा अधिकार चित्रपटाने प्रश्नांकित केला होता. मंगल महाराजांच्या अधिकाराला चित्रपट जवळजवळ वंदन करतो. नीरेने नकार दिला होता. नीला त्याग करते.

त्यानंतर दोनच वर्षांनी शांतारामांनी लोकप्रिय ठरलेली रंगीत वाट सोडून कृष्णधवल 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) काढला. ऱ्हासाच्या सिद्धान्ताला ही घटना पेलत नाही. ह्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा सन्मान लाभला. आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो आणि बेड्यांवाचून, केवळ विश्वासाच्या बळावर, त्यांच्याकडून शेती करवून घेतो. ह्या कथेला महाराष्ट्राच्या मातीतला आधार होता. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ च्या सुमारास कैद्यांची खुली वसाहत उभारण्यात आली होती. कथालेखक माडगूळकर ह्याच माणदेशचे, आटपाडी तालुक्यातील शेटफळे हे त्यांचे जन्मगाव.

आदिनाथ हा गणपतचा थोरला भाऊ शोभतो. दोघेही कायद्याचे सेवक, दोघेही उद्धाराच्या ध्यासाने झपाटलेले. परंतु गणपतला गणवेश आणि माणुसकी एकत्र नांदविता आली नाही. आदिनाथ तुरुंगाधिकारी ह्या पदालाच माणुसकीचा आशय देऊ पाहतो. शिक्षा देणारे पद तो सुधारणा करणारे पद बनवितो. त्याचे साधन आहे दृष्टी. 'अमृतमंथन'मध्ये पडदा व्यापणारा डोळा भय घालण्यासाठी होता. येथील दोन डोळे कैद्यांना स्वतःच्या मनाची ओळख पटविण्यासाठी आहेत. तेवीस वर्षांच्या अंतराने एकाच प्रतिमेचा अर्थ असा फिरला. तथापि ह्या अर्थांतराला एक काळी किनार आहे. आदिनाथच्या मृत्यूनंतरही त्याचे डोळे कैद्यांवर रोखलेलेच राहतात. कैदी सुधारले ते स्वतःच्या निर्णयाने की न मिटणाऱ्या नजरेच्या धाकाने, हा प्रश्न चित्रपट उघडपणे विचारीत नाही. पण त्याच्या प्रतिमायोजनेतून तो सुटतही नाही. अधिकार प्रेमळ झाला, पण अधिकारच राहिला.

ह्याच चित्रपटात बैलाशी झालेल्या झटापटीत शांतारामांच्या डोळ्याला इजा झाली, आणि दृष्टी परत मिळाल्याच्या आनंदातून 'नवरंग' (१९५९) जन्मास आला. आपल्या साध्यासुध्या पत्नीच्या जागी कल्पनेतील मोहिनी पाहणाऱ्या कवीची ही कथा वरकरणी रंगांची उधळण आहे. परंतु त्या पत्नीला आपल्याच प्रतिमेचा मत्सर वाटू लागतो. कवीने तिला दिलेले 'प्रेरणा' हे पद तिच्यातील माणसाला जागा ठेवीत नाही. संध्या यांनीच दोन्ही रूपे केली असल्यामुळे प्रेक्षकाला हा पेच डोळ्यांनी दिसतो. माणसाचा प्रतिस्पर्धी आता त्याच्यावर लादलेले कर्तव्य नसून त्याची उजळ प्रतिमा आहे. येथून 'पिंजरा' एका पावलावर आहे.

५

'पिंजरा' (१९७२) ला मराठीत मिळालेली लोकप्रियता अपूर्व होती. राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांची गीते, संध्या यांची चंद्रकला, निळू फुले यांचा सहभाग आणि मास्तरांच्या भूमिकेतील श्रीराम लागू, ह्या सर्वांचा त्यात भाग होता. कथेची मूळ प्रेरणा योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'द ब्लू एंजल' (१९३०) ह्या जर्मन चित्रपटात आणि त्याहीमागे हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या कादंबरीत आहे. एवढ्यावरून 'पिंजरा'ला उसना ठरविणे सोपे आहे. अधिक फलदायी मार्ग म्हणजे काय घेतले नाही हे पाहणे.

जर्मन चित्रपटातील प्राध्यापकाला त्याचे विद्यार्थी मुळातच चिडवितात. त्याचा अधःपात म्हणजे फुगलेल्या प्रतिष्ठेला लागलेली टाचणी होय. अखेर तो आपल्या वर्गातील मेजाला बिलगून मरतो. 'पिंजरा'तील मास्तर गावाचे दैवत आहेत. तमाशाला गावाबाहेर काढण्याचा त्यांचा आग्रह आणि त्यांना आपल्यामागे तुणतुणे धरून उभे करण्याची चंद्रकलेची प्रतिज्ञा, ह्या संघर्षातून त्यांचे पतन होते. पण येथवरचीच कथा जर्मन कथेला समांतर आहे. पुढे मराठी चित्रपट स्वतःचे पाऊल टाकतो : ओळख न पटणाऱ्या एका प्रेताच्या अंगावर मास्तरांचे कपडे चढतात, गाव मास्तरांना मृत समजते, आणि त्यांचा पुतळा उभारते. तमाशाच्या फडाबरोबर हिंडणारे मास्तर त्याच गावात परत येतात तेव्हा ते ज्या खुनासाठी पकडले जातात तो खून खुद्द मास्तरांचाच असतो. सत्य सांगून सुटका करून घेणे त्यांना शक्य आहे. परंतु तसे केले तर गावाचा आदर्श मरेल. ते मौन पत्करून फाशी स्वीकारतात.

काकासाहेबांच्या मृत्यूशी ह्या मृत्यूची तुलना केली म्हणजे पस्तीस वर्षांत केवढे अंतर कापले गेले हे कळते. काकासाहेब मेले ते पद मोडावे म्हणून. मास्तर मरतात ते पद टिकावे म्हणून. काकासाहेबांनी मागे एक पत्र ठेवले, म्हणजे सत्य ठेवले. मास्तर मागे एक पुतळा ठेवतात, आणि तो असत्यावर उभा आहे. हा चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला मास्तरांच्या त्यागाने गहिवरून येते. परंतु त्याला पडद्यावरील गावाला न कळलेले सत्य ठाऊक असते. पुतळ्याला हार घालणारे गाव एका जिवंत माणसाला फासावर देत आहे, हे त्याला दिसत असते. म्हणून 'पिंजरा' हे आदर्शाचे गौरवगान आहे की आदर्शांना बळी लागतात ह्याची कबुली आहे, ह्याचा निर्णय सहजासहजी करता येत नाही. १९३४ च्या राजगुरूप्रमाणेच मास्तरही आपले मस्तक आपल्या देवतेला वाहतात; फक्त देवतेचे नाव आता गावाची श्रद्धा असे आहे.

६

येथवरच्या विवेचनावरून शांतारामांच्या चित्रपटांत एक सातत्य दिसते हे मान्य केले, तर त्यातील हानीचाही हिशेब मांडला पाहिजे. ती हानी रंग वाढल्याची किंवा नृत्ये वाढल्याची नाही. ती स्त्रीपात्रांच्या वाट्याला आलेली आहे.

नीरा आणि मैना ह्या केवळ अन्याय सोसणाऱ्या स्त्रिया नाहीत. पुरुषाच्या पदामागचे पोकळपण त्यांनाच प्रथम दिसते, आणि कथेतील निर्णायक नकार त्यांचाच असतो. काकासाहेबांचे हृदयपरिवर्तन नीरेच्या नकारावाचून संभवत नाही. गणपतचे जगणे मैनेच्या निर्णयावाचून संभवत नाही. विवेक हा ह्या चित्रपटांत स्त्रीच्या बाजूला आहे. 'दो आँखें बारह हाथ'मधील चंपा ही खेळणी विकणारी मुलगी माळावरच्या रुक्ष जीवनात ओलावा आणते. पण नैतिक निर्णयात तिला जागा नाही. 'झनक झनक'मधील नीला त्याग करते तो गुरूने आखलेल्या चौकटीतच. चंद्रकला सुरुवातीला मैनेची वारस वाटते : तीही समाजाने हिणवलेली, तीही सभ्यतेच्या ढोंगाला आव्हान देणारी. तमाशाला गावकुसाबाहेर घालविणाऱ्या मास्तरांच्या शुचितेला तिचा प्रश्न खरा आहे. परंतु चित्रपट तो प्रश्न पुढे नेत नाही. तिचे आव्हान तो प्रथम सुडात आणि मग भक्तीत विरघळवितो. न्यायालयात सत्य सांगू पाहणाऱ्या चंद्रकलेला ते सांगता येत नाही, हा प्रसंग ह्या दृष्टीने सूचक आहे. १९३७ मध्ये घरभर घुमलेला स्त्रीचा आवाज १९७२ मध्ये ऐन निर्णयाच्या क्षणी निष्फळ ठरतो.

असे का घडले ह्याचे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. 'प्रभात'मधील सहकाऱ्यांशी होणारी वैचारिक देवाणघेवाण 'राजकमल'च्या एकछत्री व्यवस्थेत उरली नाही, हे एक कारण संभवते. सुधारणेचा प्रश्न स्वातंत्र्यपूर्व काळात रूढीविरुद्ध व्यक्ती असा होता, तर स्वातंत्र्योत्तर काळात आदर्शांची घडी बसविण्याचा प्रश्न पुढे आला, हे दुसरे कारण. पहिल्या प्रश्नात पदावर बसलेल्याची उलटतपासणी होते. दुसऱ्यात पदाला योग्य माणूस शोधला जातो. शांतारामांच्या कारकिर्दीत ह्या दोन्ही काळांचे प्रतिबिंब पडले आहे.

३० ऑक्टोबर १९९० रोजी शांतारामांचे निधन झाले. त्यापूर्वीच, १९६० साली, पुण्यातील 'प्रभात'च्या आवारात चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था सुरू झाली होती आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली होती. ह्या चित्रपटांकडे मनोरंजनाचे जुने नमुने म्हणून नव्हे, तर सामाजिक इतिहासाची साधने म्हणून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. तशा दृष्टीने पाहताना लोकप्रियता हा त्यांचा दोष ठरत नाही. तीच त्यांची साक्षीमूल्ये वाढविते. राजगुरूच्या डोळ्याने भ्यालेला, नीरेच्या नकाराने अस्वस्थ झालेला आणि मास्तरांच्या फाशीने रडलेला प्रेक्षकवर्ग बहुतांशी एकाच समाजाच्या लागोपाठच्या पिढ्यांचा होता. आपल्या पूज्य पदांविषयी त्या समाजाला कधी शंका घ्यावीशी वाटली आणि कधी ती पदे वाचविण्यासाठी माणूस गेला तरी चालेल असे वाटले, ह्याची नोंद ह्या चित्रपटांत आहे. नीरेला मोकळे करणारे पत्र आणि मास्तरांचा पुतळा, ह्या दोन वस्तू त्या नोंदीची दोन टोके होत.